गाऱ्हाण्यांचा फोन

येरमाळा,
ता. २१ सप्टेंबर २०२४

चि. कृष्णराज,

आई येडेश्वरी तुला सुखात ठेवो. पत्र बघून तुझी बायको हसेल. पण माझा फोन तुमच्या पोलिसांकडं आहे, आणि तुझ्या दाजींच्या फोनवर बोलावं तर बैठकीत चार माणसं कान लावून असतात. म्हणून पोरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढली आणि लिहायला बसले.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते, म्हणजे ‘आक्का, नीट सांगा’ म्हणायची तुला संधी नको. श्रावणात माझ्या फोनवर एक लग्नपत्रिका आली. ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून उघडली. आत पत्रिका नव्हतीच. दुसऱ्या दिवशी माझ्या नंबरावरून भजनी मंडळातल्या आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना घाणेरडे फोटो गेले. शेजारची रजियाबी तिचा फोन पदराखाली झाकून घेऊन आली आणि म्हणाली, “आपा, ये क्या आया तुम्हारे नंबर से, देखो तो.” मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

मी तोंड लपवून बसले नाही. ठाण्यात गेले, फिर्याद दिली. फोन मुद्देमाल म्हणून लागेल म्हणाले, दिला. उघडायची खूण मागितली तेव्हा मी कचरले. दाजींच्या फोनवर तूच म्हणालास, “द्या आक्का, आपलीच माणसं हायत.” तू स्वतः तपासाच्या कामात, हवालदार, माझ्या पाठचा भाऊ. मी खूण दिली. समोरचा हवालदार हसत विचारतो, “मावशी, लग्न कुणाचं हुतं पण?” त्याला मी उत्तर दिलं नाही. इथंही देत नाही.

आता मुद्द्याचं. मी दर मंगळवारी गडावर जाते हे तुला ठाऊक आहे. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, ज्यांना घरातून निघता येत नाही, अशा बायका आपलं गाऱ्हाणं फोनवर बोलून मला पाठवतात. लिहिता कितीजणींना येतं? मी फोन देवीच्या उंबऱ्याशी ठेवते, आवाज बारीक करते, एक गाऱ्हाणं लावते आणि मागं सरून कानांवर हात ठेवून नाव घेत बसते. संपलं की दुसरं. आजवर एकाही बाईचं गाऱ्हाणं मी ऐकलेलं नाही. ते देवीचं आहे. नवस फिटेपर्यंत पुसतही नाही, अर्ध्यात पुसलं तर देवीपुढून अर्ज मागं घेतल्यासारखं होतं.

ती सगळी त्या फोनमध्ये आहेत. तुमच्या लोकांना सांग, लग्नपत्रिका बघा, ते फोटो बघा. बाकी कशाला कुणी हात लावायचा नाही.

तुझी,
आक्का


धाराशिव,
ता. २७ सप्टेंबर २०२४

ती. आक्का,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून खरंच हसू आलं. रागावू नका. दाजींच्या फोनवर दोनदा फोन केला, तुम्ही देवळात गेल्याचं सांगितलं. म्हणून मीही पत्रच लिहितो.

आक्का, तपासात असं थोडं घेऊन थोडं सोडता येत नाही. फोन म्हणजे एक पेटी आहे असं समजा. चोर कुठल्या कप्प्यातून शिरला हे बघायचं तर सगळ्या पेटीची नक्कल उतरवून घ्यावी लागते. ती एका बाजूला ठेवतात आणि कामापुरतं बघतात. मंडळातल्या बायकांची गाऱ्हाणी ऐकत बसायला इथं कुणाला सवड आहे? आम्हाला आमचीच गाऱ्हाणी ऐकणारं कुणी नाही.

तुम्ही फोनवाचून अडलात हे मला कळतं. रीतीनं गेलं तर प्रयोगशाळेची रांग मोठी, पुढच्या वर्षीही फोन मिळायचा नाही. मी माझ्या परीनं सोय लावली आहे. काम झाल्यातच जमा आहे. नवरात्र उलटलं की फोन तुमच्या हाती असेल.

आणि एक सांगू? देवीला मनातलं कळतं. तिला फोन कशाला पाहिजे?

तुमचा,
कृष्णराज


येरमाळा,
ता. ६ ऑक्टोबर २०२४

कृष्णराज,

देवी बसलेली आहे, उपवास आहे, या दिवसांत तोंडातून वाईट काढू नये म्हणतात. म्हणून लिहून काढते.

आमच्या गल्लीतल्या बानूबाईची सून अर्पिता तुला आठवत असेल. दोन पोरी आहेत. तिचा नवरा कुलदीप हायवेवर हॉटेल चालवतो. घटस्थापनेच्या दिवशी त्याच हॉटेलात, गिऱ्हाइकं जेवत असताना, त्याच्या फोनवर त्याच्या बायकोचा आवाज लागला. तिनं देवीला घातलेलं गाऱ्हाणं. माझ्या फोनातलं.

त्यात काय होतं ते मला आता सगळ्या गावानं सांगितलं. मी कानांवर हात ठेवून जे ऐकलं नव्हतं ते पाण्याच्या टाकीशी मला ऐकवलं गेलं. दुसरं बाळंतपण येडशीला माहेरी झालं, तेव्हा तिसरी खेप जिवावर बेतेल असं डॉक्टरीण म्हणाली आणि अर्पितानं ऑपरेशन करून घेतलं. नवऱ्याला सांगितलं नाही. तो पोरगा व्हावा म्हणून दर वर्षी गडावर नारळ फोडतो. तिचं गाऱ्हाणं एवढंच होतं की आई, मालक तुझ्याकडं मागतेत आणि माझ्यापायी रिकामे परत जातेत, त्यात तुझा काही दोष न्हाय, त्यांचा राग तुझ्यावर जाऊ देऊ नको, मला पदरात घे.

ती स्वतःसाठी काही मागत नव्हती रे. देवीवर आळ येऊ नये म्हणून ती धडपडत होती. आणि ते वरणभात खाता खाता माणसांनी ऐकलं.

कुलदीपनं तिला त्याच दिवशी येडशीला नेऊन सोडलं. धाकटी सोबत, थोरली ठेवून घेतली. पोर दारात उभी राहून आईला हाक मारत होती, ते मी माझ्या ओट्यावरून बघितलं. मग बानूबाई माझ्या दारात आली.

“काय तुळजाबाई, देवीचं नाव अन् धंदा दुसराच म्हणायचा.”

“बानूबाई, मी ऐकलेलं नाही, मी कुणाला दिलेलं नाही.”

“तुमी न्हाय तर मग काय देवीनं पाठवलं व्हय कुलदीपला? भाऊ पोलिसात, बहीण बायकांची गुपितं गोळा करती. बरं जमलंय.”

गल्ली ऐकत होती. परवा आरतीला माझ्या हातचं ताट कुणी घेतलं नाही. हरणाबाई, जिच्या पायांना गडाच्या पायऱ्या झेपत नाहीत म्हणून मी तिचं गाऱ्हाणं नेत होते, ती मला बघून दुसऱ्या रांगेत गेली.

तू लिहिलंस कुणाला सवड नाही. कुणाला तरी होती. त्याचं नाव मला पाहिजे.

आक्का


धाराशिव,
ता. १६ ऑक्टोबर २०२४

ती. आक्का,

झालं ते वाईट झालं. पण रागाच्या भरात पोलिसांवर बोट ठेवू नका. बाईमाणसाच्या फोनमधून गोष्टी शंभर वाटांनी बाहेर जातात. अर्पितानं हे आणखी कुणाला पाठवलं नसेल कशावरून? तिच्या नवऱ्यानं तिचाच फोन उघडून ऐकलं नसेल कशावरून? मुळात लग्नपत्रिकेच्या वाटेनं जो चोर तुमच्या फोनात शिरला, त्यानंही हे उचललं असेल. त्याचा तपास चालू आहे, धागा परराज्यात जातो आहे.

फोन उतरवून घेताना कुणी ऐकत बसत नाही, हे मी तुम्हाला आधीच लिहिलं. श्रीशैल तर तसला मुलगाच नाही.

काल आचारसंहिता लागली. निवडणुकीचा बंदोबस्त डोक्यावर आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही. तुम्ही तेवढं कुठं अर्जबिर्ज देऊ नका. नवरा-बायकोचं भांडण आहे, चार दिवसांनी निवळेल.

कृष्णराज


येरमाळा,
ता. २१ ऑक्टोबर २०२४

कृष्णराज,

माझ्या कुठल्याही पत्रात श्रीशैलचं नाव नव्हतं. येरमाळ्यात मला एकच श्रीशैल ठाऊक आहे. कुलदीपच्या हॉटेलाला लागून त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी रजियाबीला सोबत घेतलं आणि गेले.

काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

“श्रीशैल, माझा फोन तुझ्याकडं आला होता का रे?”

“व्हय मावशी. लई जुना सेट हाय तुमचा. चार्जिंगची पिन बी ढिली हुती, ती बी बसवून दिली. पैसं न्हाय घेतलं, साहेबांचं काम म्हणून.”

“कोणत्या साहेबांचं?”

“आता काय बोलता. तुमच्या भावाचं की. ‘आक्काचा फोन हाय, लगेच उतरवून दे’ म्हणाले.”

त्यानं सगळं उतरवून एक प्रत तुला दिली आणि एक आपल्या कॉम्प्युटरात ठेवली, मागंपुढं साहेबांना लागली तर असावी म्हणून. मोठ्या कौतुकानं पडदा माझ्याकडं फिरवला. त्यावर बायकांची नावं होती, एकाखाली एक. रजियाबीचं होतं. हरणाबाईचं होतं. माझ्यामागं एक गिऱ्हाईक चार्जर घ्यायला उभं होतं, त्यानंही ती नावं वाचली.

“तू ऐकलंस?”

“ऐकलं न्हाय मावशी, चेक केलं. आवाज नीट उतरलाय का न्हाय बघावं लागतं.”

रजियाबी म्हणाली, “किसका किसका चेक किया बेटा? मेरा भी?”

तो मान खाली घालून स्क्रू शोधायला लागला.

“आणि कुलदीपला?” मी विचारलं.

तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. “दोस्त हाय माझा. त्याला घरात फसवत हुते, मावशी. मला कळल्यावर मी गप बसायचं व्हय?”

मी म्हटलं, पूस सगळं, आत्ता माझ्यासमोर. तर म्हणतो, “तसं न्हाय करता येत. सरकारी काम हाय, साहेबांनी सांगितलं तर पुसतो.” ऐकायला त्याला कुणाची परवानगी लागली नाही. पुसायला लागते.

माझा हात वर गेला होता. रजियाबीनं धरला म्हणून तो पोरगा वाचला.

कृष्णराज, ठाण्यात माझा फोन घेताना दोन पंच बोलावले, लाखेचं सील लावलं, मला सही करायला लावली. मला वाटलं केवढी ही काळजी. ते सील कुणी फोडलं? दुकानात द्यायचा होता तर मला विचारायचं. मी मॅट्रिक असले तरी मला ‘नको’ म्हणता येतं. चोरानं माझ्या नंबरावरून घाण पाठवली, ती माझी नव्हती हे सगळ्यांना कळलं. तू जे बाहेर जाऊ दिलंस ते त्या बायकांचं स्वतःचं होतं. चोराला मी ओळखत नाही. तुला मी कडेवर घेतलंय.

आणि तू मला लिहितोस, अर्पितानंच कुणाला पाठवलं असेल. हे लिहिताना तुला दुकान आठवत होतं. आठवत असूनसुद्धा लिहिलंस.

तुळजाबाई


धाराशिव,
ता. २६ ऑक्टोबर २०२४

ती. आक्का,

पत्राखाली तुम्ही आक्का न लिहिता नाव लिहिलंत. ते मला लागलं.

खरं लिहितो. फोन मीच पाठवला. प्रयोगशाळेत गेला असता तर तुमच्या हाती कधी आला असता हे कुणीच सांगू शकलं नसतं. तुम्ही फोनसाठी जीव टाकत होता. ठाण्यातल्या माणसाला मी म्हणालो, दोन तासांचं काम आहे, पुन्हा सील लावू. कागदावर काही नाही. आक्का, हे तुमच्यासाठी केलं. दुसऱ्या कुणाच्या बहिणीसाठी मी एवढं केलं नसतं.

सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत माझं नाव आहे. हे वर गेलं तर चौकशी लागेल आणि यादी तर सोडाच, अंगावरची वर्दी राहील का सांगता येत नाही. पोरीचं, हर्षालीचं, कॉलेजचं दुसरं वर्ष चालू आहे.

मी जे करता येईल ते केलं आहे. श्रीशैलला दम दिला, त्याच्याकडचं सगळं पुसायला लावलं, माझ्याकडची प्रतही मोडून टाकली. तुमचा फोन ठाण्यातून माणूस आणून देईल. कुलदीपलाही भेटलो. वर्दीत भेटलो. बायकोला हाकलली म्हणून आत टाकीन म्हटल्यावर नरम आला. अर्पिताला तो दिवाळीत घेऊन जायला तयार आहे. त्याची अट एकच, प्रकरण इथंच मिटवायचं, कुणी कुठं अर्ज द्यायचा नाही. पोरीला आई मिळते, अर्पिताला घर मिळतं. आणखी काय पाहिजे?

भाऊबीजेला येऊ का, तेवढं कळवा.

तुमचा,
कृष्णराज


येरमाळा,
ता. ३१ ऑक्टोबर २०२४

चि. कृष्णराज,

दिवाळीत पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र तुझ्या दाजींच्या ओळखीच्या एसटी कंडक्टरच्या हाती देते. पाकीट चिकटवलं आहे. तो फोडणार नाही.

तू लिहिलेली अट मी माझ्या मनानं मान्य केली नाही आणि मोडलीही नाही. ती माझी नव्हतीच. काल येडशीला जाऊन अर्पितापुढं तुझं पत्र वाचलं. तिची आई लगेच म्हणाली, “घे गं बाई, जावई बोलावतोय, लई झालं.” अर्पिता धाकटीची वेणी घालत होती. हात थांबला नाही तिचा. वेणी पुरी झाल्यावर बोलली.

“काकू, त्यांनी मला बोलावलं का साहेबांना भिऊन होकार दिला?”

मी म्हटलं, भिऊन.

“मग साहेबांची बदली झाली की परत घालवतील. आणि मी गेले अन् अर्ज दिला न्हाय, तर मी काहीतरी वाईट केलंय असंच राहील. ऑपरेशन माझ्या जिवाचं हुतं. त्यांना सांगायला पाहिजे हुतं, ते माझं चुकलं. त्यांनी मला रागं भरावं, मी ऐकून घेईन. पण त्या दुकानदाराला माझं देवीपुढचं बोलणं कुणी दिलं, ते मला विचारायचंय.”

थोरलीचं नाव काढल्यावर मात्र तिनं धाकटीला मांडीवर ओढून घेतलं. मी कुलदीपकडं गेले. ओरडायला गेले नव्हते, तरी आवाज चढलाच. म्हटलं, बायकोला आणायचं का नाही ते तुझं तू बघ. पण पोरीला आईपासून तोडायचा अधिकार तुला कुणी दिला? अर्ज जाणार आहे, आणि त्यात तुझा फोनही येणार आहे, कारण तो आवाज तुझ्या फोनात आहे. त्यानं लगेच खिशावर हात ठेवला. “माझा फोन कशाला? त्यात माझं खासगी असतं, काकू.” गल्ल्यावर बसलेला त्याचा चुलता हसला, तेव्हा कुठं कुलदीपला आपण काय बोललो ते कळलं. आज सकाळी तो थोरलीला येडशीला पोचवून आला. आत न जाता उंबऱ्याबाहेर उभा होता म्हणे.

बानूबाई परसातून आली होती, कुणी बघणार नाही अशी. मला वाटलं आता आणखी काय ऐकावं लागतंय. तर हळूच विचारते, “तुळजाबाई, त्यात माझं बी एक हुतं. ते बी ऐकलं असंल का त्या पोरानं?” मला माहीत नाही म्हणून सांगितलं. जाताना म्हणाली, अर्जावर अंगठा चालतो का.

आता तुझं. तू लिहितोस, सगळं पुसलं. मी श्रीशैलला पूस म्हटलं होतं हे खरं, पण तेव्हा मला अक्कल नव्हती. तू पोलीस आहेस, तुला होती. तू बायकांची अब्रू राखायला पुसलं नाहीस. श्रीशैलनं कुणाकुणाला काय पाठवलं आणि फोन त्याच्याकडं कुणी दिला, ते तू पुसलंस. माझा फोन पाकिटात घालून आला आहे. मी ते पाकीट उघडलेलं नाही. सोमवारी आहे तसाच मोठ्या साहेबांपुढं ठेवणार आणि पावती घेणार. तिच्यावर लिहून मागणार की तो कुणाकडं जाईल, काय बघितलं जाईल आणि काय बघितलं जाणार नाही. नाही लिहिलं तर परत घेऊन येणार.

माझ्यासाठी केलंस म्हणतोस. मला फोन लवकर नको होता, कृष्णराज. तो झाकलेला पाहिजे होता. पहिल्याच पत्रात तेवढंच लिहिलं होतं, आणि तू हसलास.

तुझे दाजी म्हणतात, सख्ख्या भावावर अर्ज देणारी बाई येरमाळ्यानं बघितलेली नाही. म्हटलं, सोमवारी बघेल. ते जेवणावरून उठले. हर्षालीचं मनात आणून मला दोन दिवस अन्न गेलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तरी अर्ज लिहिला. अर्पितानं सही केली, तिच्याखाली मी, माझ्याखाली रजियाबी, आणि बानूबाईचा अंगठा. तुझं नाव तिसऱ्या ओळीत आहे.

भाऊबीजेला येऊ का विचारलंस. ये. रविवारी पाट मांडून ठेवते. ओवाळणीत साडी नको, पैसे नकोत. तुझ्या हातचा जबाब लिहून आण. फोन कुणी दिला, सील कुणी फोडलं, कुणाच्या सांगण्यावरून पुसलं, एवढं. सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही धाराशिवला निघतो. तो कागद आमच्या अर्जाला जोडला तर तू स्वतः कबूल केलंस असं होईल. नसेल तर आम्ही तुला दाखवून दिलं असं होईल.

कागद न आणताही आलास तरी ओवाळीन, भाऊ आहेस. जेवूनही जा. पण मग माझ्या डोळ्याला डोळा देऊन जेवायचं.

तुझी,
आक्का